महासचिव होण्याआधी दप्तर बघ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

आपल्या संघटनेच्या केंद्रीय कार्यकारिणीवर निवडून आलीस, आता पुढच्या खेपेला महासचिवपदासाठी नाव द्यावं का, असं तू विचारलंस. दे. अध्यक्षपदाच्या मागे मात्र एवढ्यात लागू नकोस. अध्यक्ष दर एक-दोन वर्षांनी बदलतो, भाषण करतो, फोटोत मधोमध असतो. सार्वजनिक आरोग्याची राष्ट्रीय संघटना चालते ती महासचिव आणि कोषाध्यक्षाच्या टेबलावर. इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन 1956 सालची, प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनवाल्यांची, म्हणजे रोगप्रतिबंधाच्या डॉक्टरांची, संघटना 1974 सालची. अशा वयाच्या कुठल्याही संघटनेत पद घ्यायचं म्हणजे आधीच्यांच्या ठेवी, करार, येणी-देणी आणि जुनी भांडणं एकदमच अंगावर घ्यायची. म्हणून अर्ज भरण्याआधी दप्तर, म्हणजे संघटनेचे जुने कागद, बघ.

त्याच्याही आधी एक कागद. तू शासकीय सेवेत आहेस. निवडून येण्याच्या पदासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. ती अर्जाच्या आधी घे, निवडून आल्यावर नव्हे. "साहेबांना तोंडी सांगितलंय" हे बदलीच्या मोसमात कोणी ऐकत नाही. शिवाय शासनाच्या धोरणावर टीका असलेल्या पत्रकावर तुझी सही चालणार नाही. कार्यकारिणीत सेवानिवृत्त किंवा खासगी महाविद्यालयातला एक तरी पदाधिकारी सहीसाठी असावा, हे आधीच ठरवून ठेव.

दप्तरात पहिल्यांदा इतिवृत्ताची वही उघड. पानांना छापील क्रमांक आहेत का, दोन सभांमध्ये कोरं पान सुटलंय का, सुटलं असेल तर त्यावर तिरपी रेघ आहे का, प्रत्येक सभेखाली अध्यक्षाची सही आणि तारीख आहे का, हे बघ. ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या हवी. "सर्वानुमते मंजूर" एवढंच सगळीकडे दिसलं तर समज, की वही सभेनंतर महिन्याभराने कोणीतरी घरी बसून लिहिलीय. वाद कोर्टात किंवा धर्मादाय कार्यालयात गेला की हीच वही पुढे येते, आणि तिथे तुझी तळमळ कोणी विचारत नाही.

मग नोंदणीचे कागद. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था असेल, तर वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची असते. महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर ती सार्वजनिक न्यासही ठरते, आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करावा लागतो. सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, जुन्यांचे राजीनामे किंवा मुदत संपल्याची नोंद, असं सगळं त्याला जोडायचं. गफलत होते ती अशी: एका कार्यकारिणीचा अहवाल एका संमतीपत्रावाचून अडून पडतो, पुढची कार्यकारिणी निवडून येते, तिचाही अहवाल आधीच्याच्या मागे रांगेत उभा राहतो. तीन निवडणुका होऊन जातात आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतल्या परिशिष्टावर नावं तीच जुनी, त्यातले एक-दोघं वारलेलेही. मग बँक सही बदलून देत नाही. निवडणूक झाली त्याच संध्याकाळी, माणसं हॉलमध्ये आहेत तोवर, संमतीपत्रांवर सह्या घे. एकदा माणसं गाडीत बसली की सही मिळायला सहा महिने लागतात.

उत्साहात उद्देश बदलायला निघू नकोस. त्यासाठी विशेष सभा, 10 दिवस आधी लेखी प्रस्ताव, तीन पंचमांश मतं, आणि मग महिन्याभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश. दोन वर्षांच्या मुदतीत एवढी शक्ती कशावर घालवायची, ते ठरव. बहुतेक कामं आहे त्या उद्देशांत बसतात.

पैशाकडे ये. आजीव सदस्यत्वाचं शुल्क हा सगळ्या संघटनांचा गोड सापळा आहे. समज, शुल्क 5,000 रुपये. ते मुदत ठेवीत टाकलं आणि 7 टक्के व्याज धरलं तर वर्षाला 350 रुपये. नियतकालिकाचे चार अंक छापून टपालाने पाठवायला अंकामागे 100 रुपये पडत असतील तर खर्च 400. म्हणजे प्रत्येक नवा आजीव सदस्य दरवर्षी 50 रुपयांचा खड्डा घेऊन येतो, आणि आपण सदस्य वाढले म्हणून टाळ्या वाजवतो. हे शुल्क चालू खर्चात मिसळलेलं असेल तर खड्डा दिसतही नाही, नव्या शुल्कातून जुन्यांचे अंक जात राहतात. उपाय: छापील अंक मागेल त्यालाच, त्याची वेगळी वर्गणी. आजीव शुल्क कायम निधीत जाईल असं नियमावलीत आणि पावतीवर छापून घे, आणि त्याचा आयकराचा अर्थ सीएकडून लेखी घे. सदस्ययादी दर दोन वर्षांनी पडताळ. मृत सदस्यांची नावं मतदारयादीत राहणं चांगलं नव्हे, पोस्टाच्या मतपत्रिका असतील तर मुळीच नव्हे.

परदेशी देणगीचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेव: परदेशी देणगी कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उतरतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांवर जाता येत नाही, आणि तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. स्वतंत्र नोंदणी असलेल्या जिल्हा शाखेला "थोडे पाठवून देऊ" हे आता चालत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. संघटनेचा शब्द सरकारदरबारी चालतो की नाही, हे तिच्या ठरावाच्या भाषेवर ठरतं. आपल्याकडचे बहुतेक ठराव असे असतात: "शेतकऱ्यांच्या कीटकनाशक विषबाधेबद्दल ही सभा तीव्र चिंता व्यक्त करते व शासनाने योग्य ती पावले उचलावीत अशी मागणी करते." हा कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो, कारण तो कोणाच्याच टेबलाचा नाही.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली, अंगावर सुती सदरा. या विषयावर ठराव करायचा तर मागण्या तीन दारांवर वाटून टाक. एखादं कीटकनाशक कायमचं बंद करणं केंद्राच्या हातात आहे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याने राज्याला फक्त 60 दिवसांची, आणि चौकशी पुरी झाली नाही तर आणखी 30 दिवसांची बंदी घालता येते. म्हणून कायम बंदीची मागणी मुंबईला पाठवणं म्हणजे टपालखर्च वाया. राज्याच्या कृषी खात्याकडे मागायचं ते वेगळं: कृषी केंद्रांची तपासणी, लाल आणि पिवळ्या त्रिकोणाच्या, म्हणजे जास्त विषारी औषधांच्या विक्रीची नोंद, मिश्रण विकण्यावर कारवाई. तिसरं दार जिल्हा परिषदेचं, कारण प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे असतं. ग्रामीण रुग्णालयाचं पत्र मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाला. हा फरक दिल्लीत बसलेल्या पदाधिकाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतो. तुला तो झोपेतही सांगता येईल.

तिसऱ्या दाराची मागणी आकड्यांत लिही. "पुरेसा औषधसाठा ठेवावा" असं लिहू नकोस. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाने विषबाधा झालेल्या गंभीर रुग्णाला ॲट्रोपिन हा उतारा 1.8 मिलिग्रॅमने सुरू केलं आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत गेलं, तर 0.6 मिलिग्रॅमच्या अँप्युल पहिल्यांदा 3, मग 6, मग 12 लागतात. दहा मिनिटांत 21. आरोग्य केंद्राच्या कपाटात 10 असतील तर एकाही रुग्णाचं भागत नाही, आणि फवारणीत चार-चार मजूर एकदम येतात. हे गणित ठरावात दिसलं की वाचणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

आणि वेळ. फवारणीचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. आपले ठराव मात्र फेब्रुवारीच्या परिषदेत नाहीतर माणसं गेल्यावर नोव्हेंबरात होतात. मसुदा एप्रिलमध्ये तयार कर, सदस्यांना मतं कळवायला 15 दिवस दे, मे महिन्यात कार्यकारिणीची मंजुरी घे, म्हणजे मृग लागायच्या आत पत्रं पोचतील. साठा मागवायला, निविदेला, वाहतुकीला जिल्ह्याला तेवढे दिवस लागतातच.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 0 ते 40 वयोगटातल्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट ठेवलं. संघटनेने तपासणीच्या आकड्यांचं कौतुक करण्यापेक्षा पुढचं विचारावं: गडचिरोलीतल्या पोराचा अहवाल आल्यावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्याला दर महिन्याला कुठल्या दवाखान्यात मिळणार, रक्तपेशींची तपासणी कोण करणार, आणि तपासणीचं कार्ड हातात आल्यावर लग्न जुळवताना त्या घरातल्या मुलीचं काय होणार.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तुझ्या दारात आहे, त्याचा फायदा घे. पण डिसेंबरात विधानभवनाबाहेर निवेदन घेऊन उभं राहण्याला अर्थ नाही. प्रश्न आणि सूचना आमदारांना मुदतीत आधी द्याव्या लागतात. दिवाळीनंतर लगेच दोन-तीन आमदारांना एक पानाची टिपणी दे: वरती मागणी, मधे तुमच्याच मतदारसंघातले आकडे, खाली कोणत्या खात्याने काय करायचं. दोन पानं झाली तर दुसरं पान कोणी वाचत नाही.

परिषदेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सल्ला देणारे तुला ढीगभर भेटतील. यजमान महाविद्यालयाशी लेखी करार केल्याशिवाय स्थळ जाहीर करू नकोस: खातं कोणाच्या पॅनवर, शिल्लक कशी वाटायची, तोटा कोणाचा, हिशेब किती दिवसांत. विदर्भात मार्चनंतर परिषद ठेवू नकोस, आणि कुष्ठरोग शोधमोहिमेच्या तारखा बघितल्याशिवाय पावसाळ्यानंतरचीही ठरवू नकोस, नाहीतर गावपातळीवरचं एकही माणूस येणार नाही. प्रायोजक घेताना, बाळाच्या दुधाच्या पावडरच्या कंपनीचा पैसा हा केवळ नैतिकतेचा प्रश्न नाही; 1992 च्या कायद्याने, 2003 च्या दुरुस्तीसह, अशा कंपनीला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेला चर्चासत्र-परिषदेसाठी पैसा देताच येत नाही. पिशवीवरचा छोटा लोगोही नको. सुगंधित सुपारीवाल्याचं तर नावच काढू नये. (तोंडात खर्रा ठेवून तंबाखूमुक्तीच्या ठरावाला हात वर करणारे सदस्य आपल्यातही आहेत. त्यांना सभेत नव्हे, बाहेर एकट्याला गाठून सांग.)

नेतृत्वाची खरी परीक्षा मला विचारशील तर सदस्यत्वाच्या नियमात आहे. बऱ्याच संघटनांत मताचा अधिकार पदव्युत्तर डॉक्टरांपुरता असतो. मग आशा, एएनएम (गावची परिचारिका), आरोग्य सेवक, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्याविषयीचे ठराव त्यांच्यापैकी एकालाही न विचारता होतात. सगळे नियम एकदम बदलायला जाशील तर जुनी मंडळी अडून बसतील. सहयोगी सदस्य हा वर्ग बहुतेक नियमावल्यांत असतो, तो वापर. त्यांची फी कमी ठेव, एका विषयसमितीत त्यांच्यासाठी दोन जागा ठेव, आणि त्या समितीचं कामकाज मराठी-हिंदीत चालव. इंग्रजी मसुद्यावर "काही सूचना?" असं विचारलं की आशाताई मान हलवून गप्प राहते, आणि आपण ती संमती समजतो.

शेवटी पद सोडण्याचं. घेतानाच त्याची यादी करायला लाग: पॅन कार्ड, नोंदणीची मूळ प्रमाणपत्रं, ठेवींच्या पावत्या मुदतीच्या तारखांसह, संकेतस्थळाचा ताबा, ईमेलचे पासवर्ड, शिक्के, चालू करार, कोर्टातल्या तारखा. यात सगळ्यांत जास्त त्रास देतं ते बँकेला जोडलेलं मोबाइलचं सिम. ते कोणा माजी कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या नावावर असलं की ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, आणि तो नातवाकडे पुण्याला गेलेला असतो. संघटनेच्या नावावर सिम घे, रिचार्जची तारीख वार्षिक कामांच्या तक्त्यात टाक, आणि परवानगीचा अर्ज या आठवड्यात टाइप करून मला पाठव. मी बघून देते.

तुझी हितचिंतक