डोळ्याच्या खोबणीतली गाठ: आधी विचारा, कोणत्या नसेची?

प्रश्न: वय ४२. उजवा डोळा हळूहळू पुढे येतोय, दुखत नाही. एमआरआयमध्ये ‘श्वानोमा’ची शक्यता लिहिली आहे. हा कर्करोग आहे का? डोळा जाईल का?

दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. नसेभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशींपासून ही गाठ होते. खोबणीतल्या सगळ्या गाठींत तिचं प्रमाण जेमतेम १ टक्का. ती सहसा कपाळाची संवेदना वाहणाऱ्या नसेच्या फांदीवर वाढते. दृष्टीची नस मुळात मेंदूचाच भाग, तिला श्वान पेशी नसतातच. खोबणीत एकूण जागा सुमारे ३० मिलिलिटर आणि भिंती हाडाच्या, म्हणून आत काहीही वाढलं की डोळा पुढे सरकतो.

गाठीला स्वतःचं आवरण असल्यामुळे बऱ्याचदा ती अख्खी काढता येते. कपाळाचा काही भाग नंतर बधिर राहू शकतो. लहान असेल, त्रास नसेल, तर लक्ष ठेवणंही पुरतं. मात्र नजर मंदावली, दोन-दोन दिसू लागलं किंवा त्या डोळ्याला लाल रंग फिका वाटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न: आईला (५१) ‘ऑप्टिक नर्व्ह शीथ मेनिन्जिओमा’ आहे. डॉक्टर रेडिएशन सांगतात. एवढीशी गाठ काढून का टाकत नाहीत?

हे मला फार जण विचारतात, थोडं चिडूनच. पण मेनिन्जिओमा म्हणजे दृष्टीच्या नसेवरच्या आवरणातून उगवणारी गाठ; ती नसेला चिकटून नव्हे, तिला चहूबाजूंनी वेढून वाढते. आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच आवरणाजवळून जातात. गाठ सोलायला गेलं की या वाहिन्या तुटतात आणि उरलीसुरली नजर जाते. स्कॅनवर मधली नस काळपट आणि दोन्ही बाजूंना गाठीच्या उजळ रेघा दिसतात. हे चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीही टाळली जाते, कारण तिचाही धोका नसेलाच.

नेमका मारा करणारं रेडिएशन छोट्या मात्रांत, साधारण ५ ते ६ आठवडे चालतं. एकूण मात्रा ५० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) याच्या आसपास. अनेकांची नजर आहे तिथे थांबते, काहींची सुधारते. नजर अजून चांगली असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही योग्य. शस्त्रक्रिया बहुधा दृष्टी आधीच गेलेली असेल किंवा गाठ मेंदूकडे सरकत असेल तेव्हाच. दर वेळचा दृष्टिक्षेत्राचा आलेख मात्र जपून ठेवा; तुलना त्यावरूनच होते.

प्रश्न: मुलगा ५ वर्षांचा, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग. दृष्टीच्या नसेत ग्लायोमा आहे, तरी डॉक्टर ‘थांबू’ म्हणतात.

वर्णनावरून ‘एनएफ१’ हा जनुकीय विकार वाटतो. अशा सुमारे १५ ते २० टक्के मुलांत हा ग्लायोमा, म्हणजे नसेतल्या आधार-पेशींची गाठ, सापडतो, आणि बऱ्याच गाठी वाढतच नाहीत. थांबायचं म्हणजे दुर्लक्ष नव्हे: ठरलेल्या अंतराने नजर तपासायची, घसरली तर केमोथेरपी. या मुलांत रेडिएशन शक्यतो टाळतात; पुढे दुसरी गाठ होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न: मुलीच्या पापणीत मऊ, पसरलेली गाठ आहे. काढली तरी परत येते.

बहुधा प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा, म्हणजे एनएफ१मध्ये आढळणारी नसांची गाठ. ती आजूबाजूच्या ऊतींत पसरते, म्हणून पूर्ण निघत नाही. शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या, त्रास देणाऱ्या अशा गाठींसाठी ‘सेलुमेटिनिब’ हे औषध अमेरिकेत २०२० मध्ये मुलांसाठी मंजूर झालं. ते गाठ संपवत नाही, आकार कमी करतं. ते घेताना हृदय आणि डोळ्याचा पडदा वेळोवेळी तपासावा लागतो.