पंजाबातल्या धारीवालच्या लोकरीच्या गिरणीचा इतिहास काय? एवढी नावाजलेली गिरणी बंद का पडली?

नोकरीत असताना माझी बदली गुरदासपूरजवळच्या तिबरी लष्करी छावणीत झाली होती. धारीवाल तिथून जवळच, त्यामुळे बाजारहाटाला जाणं व्हायचं आणि गिरणीतल्या जुन्या माणसांशी बोलणंही. तेव्हापासून या गिरणीबद्दल मला फार आस्था आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धारीवाल हे गुरदासपूर जिल्ह्यातलं, अमृतसर-पठाणकोट रेल्वेमार्गावरचं छोटं गाव. गिरणी तिथे आली ती कालव्यामुळे. माधोपूरला रावीचं पाणी घेणारा अप्पर बारी दोआब कालवा १८५९ मध्ये सुरू झाला आणि तो धारीवालवरूनच जातो. कोळशाच्या खाणी तिकडे बंगाल-बिहारात, पण कालव्याचं पाणी दाराशी, तेही बारमाही. त्याच्या जोरावर यंत्रं चालवायची म्हणून १८८० मध्ये एगर्टन वुलन मिल्स उभी राहिली. सर रॉबर्ट एगर्टन तेव्हा पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते, त्यांचंच हे नाव. पुढे कंपनी 'न्यू एगर्टन' झाली.

लोकरीच्या धंद्यात पाणी नुसतं यंत्रं फिरवायला लागत नाही. मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीत चरबी, माती, कुसळं सगळं असतं. ते धुऊन काढावं लागतं. ब्लँकेटचं कापड मागावरून उतरतं तेव्हा विरविरीत असतं. ते कोमट साबणपाण्यात बराच वेळ मळतात. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, ते एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि घट्ट होतं. मग वरून ओरबाडून त्यावर लव काढतात. ब्लँकेटची ऊब त्या लवेत अडकलेल्या हवेची. हे मळणं किती वेळ चालू द्यायचं ते हाताला कळावं लागतं. जरा जास्त झालं की ब्लँकेटचा पुठ्ठा झालाच म्हणून समजा! धारीवालच्या कारागिरांकडे ती जाण होती, म्हणून तर तिथल्या लोयांना (अंगावर पांघरायच्या लोकरी शाली) आणि ब्लँकेटांना एवढं नाव मिळालं.

मालकी मात्र गावापासून कायम लांब राहिली. १९२० मध्ये सर अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांनी कानपूरला ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन स्थापन केलं, त्यात कानपूरच्या 'लाल इमली' या लोकरीच्या गिरणीबरोबर धारीवालही गेलं. ते १९२२ मध्ये वारले. त्यांचे तिन्ही मुलगे विमान उडवताना गेले, एक १९३८ मध्ये अपघातात आणि दोघे १९४१ मध्ये युद्धात. त्यांच्या आईने, लेडी रेचल यांनी, ब्रिटिश हवाई दलाला बॉम्बफेकी विमानासाठी २५,००० पौंड दिले. त्या विमानाचं नाव 'मॅकरॉबर्ट्स रिप्लाय'. हे वाचल्यावर त्या बाईंबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

फाळणीत गुरदासपूर जिल्हा पाकिस्तानात जाणार असंच आधी धरलं होतं. १७ ऑगस्ट १९४७ ला सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला, तेव्हा शकरगड तहसील तिकडे गेली आणि धारीवाल भारतात राहिलं.

मग आले कलकत्त्याचे उद्योगपती आणि शेअरबाजारातले सट्टेबाज हरिदास मुंदडा. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने नेहमीची पद्धत डावलून त्यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले, त्यांतली एक ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण लावून धरलं, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पद सोडावं लागलं. शेवटी १९८१ मध्ये केंद्र सरकारने कॉर्पोरेशनचे शेअर ताब्यात घेतले.

बंद पडण्याचं खापर लोक कामगारांवर फोडतात, ते मला अजिबात पटत नाही. लुधियानात अॅक्रिलिकचे स्वस्त स्वेटर निघू लागले, पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यातून ब्लँकेटं होऊ लागली. अस्सल लोकरीच्या मालाला त्या भावाशी टक्कर देता येईना. अशा वेळी नवी यंत्रं आणि चटकन घेतलेले निर्णय हवे होते. पण धारीवालचा कागद आधी कानपूरला, तिथून दिल्लीला. १९९० नंतर कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली, पुनर्वसनाच्या योजना निघाल्या, पैसा वेळेवर आला नाही, कच्च्या मालावाचून माग थांबत गेले. काम येणारी माणसं तिथे होती. त्यांच्या हाताला लोकर देणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते केलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर अमृतसरहून पठाणकोटकडची गाडी धरा. मधमाश्यांच्या पेट्या, बटाट्याची शेतं बघत बटाला गेलं की पुढे धारीवाल. गिरणीत काम केलेली माणसं अजून गावात भेटतील. चहा घेत बसा त्यांच्याजवळ, ती भरभरून बोलतात.