संत एडमंड: हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

इंग्लंडच्या संत एडमंडवरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय, ‘मार्टर’ला काय लिहू? शहीद, हुतात्मा की रक्तसाक्षी?

मूळ ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे नुसता साक्षीदार, अगदी न्यायालयातलासुद्धा. मरण त्याला नंतर चिकटलं. अरबीतून आलेल्या ‘शहीद’च्या मुळाशीही साक्षच आहे, पण आपल्या कानाला त्यात आता सीमेवरचा जवान ऐकू येतो. ‘हुतात्मा’चं कूळच निराळं. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. शब्द यज्ञकुंडातला, आणि आपल्याला भेटतो फ्लोरा फाउंटनपाशी. साक्षीचा त्यात मागमूस नाही. मराठी ख्रिस्ती लिखाणातला ‘रक्तसाक्षी’ तेवढा मुळाला धरून आहे.

एवढ्यावर भागलं असतं, पण एडमंडची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली गेलीय. तो ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या एका राज्याचा राजा, ८६९च्या सुमारास डेन लोकांच्या (डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांच्या) स्वारीत मारला गेला. ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ ही जुन्या इंग्रजीतली बखर थोडक्यात उरकते: राजा लढला, डेन जिंकले, राजा मारला गेला. शंभरेक वर्षांनी फ्रान्समधल्या फ्लरीच्या मठातल्या ॲबो या साधूने चरित्र लिहिलं, त्यात राजा लढतच नाही. ख्रिस्ती नसलेल्याचं मांडलिकत्व नाकारतो, शस्त्र टाकतो. मग झाडाला बांधून, अंगाचं साळिंदर होईपर्यंत बाण मारतात आणि मुंडकं उडवतात. रानात ते मुंडकं ‘इथे, इथे’ अशा हाका मारतं आणि लांडगा त्याची राखण करतो! ॲबोने हे ऐकलं कँटरबरीचे आर्चबिशप डन्स्टन यांच्याकडून, डन्स्टननी तरुणपणी एका म्हाताऱ्याकडून, आणि तो म्हातारा म्हणे राजाचा शस्त्रवाहक. साक्षीची अशी साखळी.

म्हणून माझं मत: बखरीतला एडमंड ‘हुतात्मा’, ॲबोचा ‘रक्तसाक्षी’. कुठला उतारा समोर आहे ते बघून शब्द निवडावा. ‘शहीद’ इथे नको.

गंमत म्हणजे ८९५च्या सुमारापासून डेन सत्तेखालच्या ईस्ट अँग्लियातच त्याच्या नावाची नाणी पडली. मारणाऱ्यांच्याच राज्यात! त्यांवर लॅटिनमध्ये त्याचा उल्लेख फक्त ‘संत एडमंड राजा’ असा. तिथे अनुवादातही ‘संत’च ठेवावं, जास्तीचं काही घालू नये.

भाववाचक नाम लागलं तर ‘हौतात्म्य’, ‘हुतात्म्य’ नव्हे. ‘रक्तसाक्षित्व’ मात्र जिभेवर अडखळतं. तिथे सरळ ‘रक्ताने साक्ष दिली’ लिहावं.