लग्नाआधी बाप्तिस्मा: चार महिन्यांत होईल का?

मुलगा कॅथलिक, मुलगी हिंदू, हॉल बुक झालेला आणि मुलाच्या घरून निरोप: लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा उरकून घेऊ. गोव्यात आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांमध्ये ही चिंता नेहमीची. पुढची हकिकत अशाच एका मुलीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी डिचोली तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली, पणजीत हिशेबाचं काम करणारी. मुलगा सासष्टीचा, जहाजावर नोकरीला. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन आठवडा झाला होता आणि हॉल जानेवारीतला होता. तिने प्रश्न लिहूनच आणला होता: चार महिन्यांत बाप्तिस्मा मिळेल का, आणि काय काय पाठ करावं लागेल? सोबत आलेली आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि नाही घेतला तर लग्न मोडतं का, तेही विचार."

खरा प्रश्न आईचाच होता. त्याचं उत्तर: नाही. बाप्तिस्मा न घेताही तिचं चर्चमध्ये लग्न होऊ शकतं. कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला चर्चच्या कायद्यात अडथळा आहे (कॅनन, म्हणजे कलम, 1086), पण तो दूर करता येतो. त्यासाठी बिशपांची सूट लागते. पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कार्यालयात तिला डिस्पेन्सेशन म्हणतात. ती मिळाली नाही तर लग्न चर्चच्या दृष्टीने झालंच नाही असं धरलं जातं, म्हणून ती हातात आल्याशिवाय कुठलाही विगार (पॅरिशचा मुख्य धर्मगुरू) तारीख पक्की करत नाही, करूही नये.

बाप्तिस्म्याचं मात्र चार महिन्यांत जमणार नव्हतं. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा एका दुपारी डोक्यावर पाणी ओतून संपत नाही. आधी चौकशीचा काळ असतो, मग उमेदवार म्हणून रीतसर स्वीकार, मग शिकवण. साधारण वर्ष धरून चालावं. शेवटचा टप्पा ईस्टरआधीच्या उपवासकाळाला बांधलेला असतो: पहिल्या रविवारच्या सुमाराला उमेदवारांची निवड, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी खास प्रार्थनाविधी, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन (पवित्र भाकर घेणं), तिन्ही एकाच विधीत. 2027 सालचा हिशेब मांडून पाहा. ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे निवड 14 फेब्रुवारीच्या आसपास आणि बाप्तिस्मा 27 मार्चच्या रात्री. जानेवारीतला हॉल यात कुठेच बसत नाही.

लोकांना वाटतं की घाई चर्चला असते. प्रत्यक्षात उलट दिसतं. घाई घरच्यांना असते, आणि लग्नाची तारीख दाखवून बाप्तिस्मा मागणाऱ्याला अनुभवी विगार आधी थांबवतो. कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा घ्यायला लावू नये असं चर्चचा कायदाच सांगतो (कॅनन 748). मुलाच्या मावशीने दुसरा मार्ग सुचवला होता: एका प्रार्थना मंडळाकडून आठवड्यात बाप्तिस्मा घ्यायचा आणि दाखला आणायचा. असल्या सल्ल्यापासून दूर राहावं. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च सहसा खराच मानतं. तो पुन्हा देता येत नाही आणि मागेही घेता येत नाही. दाखल्यासाठी घेतलेली गोष्ट आयुष्यभर नोंदीत राहते.

आम्ही तिला विचारलं: लग्न ठरलं नसतं, तर बाप्तिस्मा मागितला असतास का? ती लगेच म्हणाली, "माहीत नाही. मिस्साला जायला आवडतं. पण मला अजून काहीच ठाऊक नाही." हे उत्तर प्रामाणिक होतं आणि पुरेसं होतं. 'माहीत नाही' असताना बाप्तिस्मा घेऊ नये. मग दोन फायली वेगळ्या केल्या. लग्नाची आता उघडायची, बाप्तिस्म्याची तिला वाटेल तेव्हा.

लग्नाच्या फायलीची सुरुवात मुलाच्या पॅरिशमधून झाली, कारण कॅथलिक तो आहे. त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला ताजा लागतो, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला. घरात लॅमिनेट करून ठेवलेला लहानपणीचा चालत नाही. कारण साधं आहे: माणसाचं दृढीकरण आणि लग्न बाप्तिस्म्याच्या वहीतच समासात नोंदवतात, म्हणून आज काढलेला दाखला 'हा अविवाहित आहे' हेही सांगतो. मुलाचं दृढीकरण झालेलं होतं. झालेलं नसेल आणि फार अडचण नसेल, तर लग्नाआधी करून घ्यायला सांगतात. मुलीकडून जन्मदाखला, ओळखपत्र आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं. शिवाय दोघांनी मिळून करायचा विवाहपूर्व वर्ग. हंगामाच्या तोंडावर या वर्गाच्या जागा भरतात, तेव्हा हॉलच्या आधी वर्गाची तारीख पाहावी.

अडकलं ते मुलाच्या नोकरीपायी. विगार दोघांना वेगवेगळं बसवून शपथेवर प्रश्न विचारतो. हे फोनवर होत नाही, निदान सहज होत नाही. मुलगा डिसेंबरच्या मध्याला उतरणार होता. मग चौकशी, मग अर्ज आल्तिनोच्या बिशप हाऊसला, मग उत्तर, हे सगळं नाताळच्या गर्दीत. आम्ही त्याला सप्टेंबरमध्येच विगाराला फोन करायला लावलं. ऑक्टोबरमध्ये त्याला थोडी सुटी मिळत होती, ती चौकशीसाठी वापरली. जहाजावरच्या आणि आखातातल्या मुलांनी हे आधी ठरवावं: लग्नाच्या रजेआधी एक फेरी कागदांसाठी. बाहेर बराच काळ राहिलेल्यांकडे तिथल्या पॅरिशचं पत्रही मागू शकतात. सहा महिने हातात असावेत. तीन महिन्यांतही होतं, पण सगळे त्रासून.

त्या वेगळ्या चौकशीची मुलीला धास्ती होती. तिला वाटत होतं की ती धर्माची परीक्षा असेल. तसं काही नसतं. विचारतात ते असं: कुणी जबरदस्ती केली आहे का? लग्न आयुष्यभराचं आहे हे मान्य आहे का? एकनिष्ठ राहणार का? मुलं होऊ देण्याला मनातून नकार आहे का? पूर्वी लग्न झालं आहे का? खरी उत्तरं द्यावीत. सासूला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर इथे लग्नाच्या वैधतेलाच बाधा आणू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलांच्या प्रश्नावर, आणि जायलाच हवा होता. सूट मिळण्यासाठी कॅथलिक जोडीदाराने दोन गोष्टी सांगायच्या असतात: आपली श्रद्धा सोडण्याचा धोका तो टाळेल, आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी शक्य ते सगळं करील (कॅनन 1125). हे वचन त्याचं आहे. तिने वचन द्यायचं नाही. तिला या वचनाची वेळीच पूर्ण कल्पना दिली गेली, एवढंच चर्च पाहतं. अर्जावर तिची सही घेतली तरी ती माहिती मिळाल्याची असते. कागद वाचून, प्रत मागून सही करावी.

पण कागदावर सही मुलाची असली तरी घर दोघांचं. नातवाचं बारसं कुठे? चवथीला माहेरी यायचं का, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची टांगणी) बांधायला हात लावायचा का? बाळाच्या बाप्तिस्म्याला हो म्हटलं आणि पाच वर्षांनी आजीने त्याला देवळात नेलं, तर घरात काय होईल? मुलाने सुरुवातीला "ते बघू नंतर" म्हणून उडवून लावलं. अशी उडवाउडवी करणाऱ्या जोडप्यांना आम्ही लग्नाची तारीख पुढे ढकलायला सुचवतो. पहिल्या बाळाच्या वेळी हाच मुद्दा दुप्पट जोराने येतो आणि तेव्हा आजी-आजोबा चारही बाजूंना उभे असतात. या दोघांनी दोन संध्याकाळी बसून ठरवलं: बाळाचा बाप्तिस्मा होईल, नाव दोन्ही घरांना उच्चारता येईल असं ठेवायचं, चवथीचे दीड दिवस माहेरी, आणि बाळाला कुठल्याही आजीने दुसऱ्या घराविरुद्ध शिकवायचं नाही. शेवटची अट मुलीने घातली. ती सगळ्यात कठीण आहे.

आईची इच्छा होती की चर्चनंतर शिरगावला देवी लईराईच्या देवळात माळा घालाव्यात. तिचा युक्तिवाद बिनतोड होता: "म्हापशाची मिलाग्र सायबीण आमच्या लईराईची बहीणच. मग अडचण कसली?" ख्रिस्ती सायबीण (मारिया माता) आणि हिंदू देवी बहिणी आहेत, ही श्रद्धा गोव्यात दोन्ही समाजांत आहे आणि तिचा मान ठेवावा. पण चर्चचा नियम वेगळ्या गोष्टीबद्दल आहे: विवाहाची संमती देण्याचा किंवा ती पुन्हा देण्याचा दुसरा धार्मिक विधी चर्चच्या विवाहाआधी किंवा नंतर करायचा नाही (कॅनन 1127). म्हणजे माळा आणि सप्तपदी नाही. देवाला गाऱ्हाणं, नारळ, हळद, माहेरचं जेवण यांत संमतीची देवाणघेवाण नाही, तरी विगाराला आधी सांगून करावं. लपवलेला विधी व्हिडिओत दिसतो आणि मग कटुता येते. आई नाराज झाली, पण हळद आणि गाऱ्हाणं यांवर थांबली. ज्या घरांना चर्चमधला विधीच जड जातो, त्यांच्यासाठी गंभीर कारण असल्यास बिशप चर्चच्या विधीतूनही सूट देऊ शकतात. अर्ज त्याच वेळी करावा लागतो.

चर्चमधला विधी कसा असेल, याची आईला वेगळी काळजी होती. अशा लग्नाला सहसा मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची पूर्ण उपासना) नसतो. शास्त्रवाचन, संमती, अंगठ्या आणि आशीर्वाद एवढं असतं. अंगठी घालताना त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नाव घेणारी ओळ ख्रिस्ती नसलेल्या जोडीदाराने म्हटलीच पाहिजे असं नाही. दोन साक्षीदार कॅथलिकच हवेत असंही नाही, मुलीचा भाऊ सही करू शकतो. नातेवाइकांनी गुडघे टेकायची गरज नाही, इतरांबरोबर उठावं-बसावं. मिस्साशिवाय लग्न म्हणजे दुय्यम लग्न, असं मुलाच्या आईला वाटत होतं. तिची समजूत विगाराने घातली. ते त्याचंच काम.

सरकारी बाजू स्वतंत्र. गोव्यात चर्चमध्ये जाण्याआधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विवाहाचा इरादा नोंदवावा लागतो. दोघांतला एक कॅथलिक नाही हे तिथे पहिल्याच भेटीत सांगून कागदांची यादी लिहून घ्यावी. आणखी एक गोष्ट, जी लग्नाच्या धामधुमीत कुणी सांगत नाही: लग्नाआधी नोंदणीकृत करार केला नाही, तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते, आणि लग्नानंतर हे बदलता येत नाही. वेगळं हवं असेल तर वकील आधी गाठावा. धर्म बदलला तर माहेरचा वाटा जाईल, ही भीती मात्र अनाठायी. इथला वारसा कायदा सर्व धर्मांना सारखा आहे, आणि मुलांचा राखीव वाटा मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही असतो.

जानेवारीत लग्न झालं. सूट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती.

दुसरी फाईल तिने पावसाळ्यात, स्वतःहून उघडली. नवरा तेव्हा जहाजावर होता, म्हणजे त्याला खूश करण्यासाठी नव्हे हे उघडच होतं. तिची पहिली अडचण लिपीची. पॅरिशची पुस्तकं रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत होती आणि तिला कोकणी कानाने समजते, रोमीत वाचायला वेळ लागतो. मार्ग सोपा आहे. शिकवणाऱ्याला सांगून 'आमच्या बापा', 'नमान मोरिये' आणि 'सत्मानतां' या प्रार्थना देवनागरीत उतरवून घ्याव्यात. रविवारी सगळ्यांबरोबर म्हटल्या की महिन्या-दोन महिन्यांत तोंडी बसतात. शुभवर्तमान मराठी बायबलमधून वाचावं. पाठांतरावर कुणाचा बाप्तिस्मा अडत नाही. रविवारची उपस्थिती आणि शिकवणाऱ्याशी मोकळं बोलणं यावर अडतो.

नाव बदलावं लागत नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलेलं कुठलंही नाव चालतं, आणि सरकारी नावाचा बाप्तिस्म्याशी संबंध नाही. पाद्रीन (धर्मपिता) किंवा मादीन (धर्ममाता) एक तरी लागते: सोळा वर्षांवरची, दृढीकरण झालेली, नियमित चर्चला जाणारी कॅथलिक व्यक्ती. नवऱ्याला कायद्यात थेट मनाई नाही, तरी त्याला करू नये. श्रद्धेबद्दल शंका आली तर बोलायला घराबाहेरचं माणूस हवं. तिने शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेला विचारलं, ते उत्तम झालं. कुमसाराची (धर्मगुरूपाशी पापांची कबुली देण्याची) भीती बहुतेकांना असते, पण बाप्तिस्म्याआधी कुमसार नसतो, कारण बाप्तिस्म्यानेच मागची सगळी पापं धुतली जातात. तो पुढच्या आयुष्यासाठी शिकवतात.

आणि लग्न पुन्हा लावावं लागत नाही. दोघेही बाप्तिस्मा झालेले ठरले की त्याच क्षणी आधीचा वैध विवाह चर्चच्या अर्थाने 'संस्कार' (सॅक्रामेंट) ठरतो, वेगळा विधी न करता. तिने चर्चच्या विवाहदाखल्याची प्रत शिकवणाऱ्याकडे द्यावी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीत तिच्या नावापुढे लग्नाची नोंद त्याच दिवशी चढते.