१०० वॅटचा चार्जर घेऊनही लॅपटॉप हळू का चार्ज होतो? त्याच टाइप-सी केबलने मॉनिटरही का चालत नाही?

आधी केबल तपासा. साध्या टाइप-सी केबलमधून ३ अँपिअरच मिळतात, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. ५ अँपिअरसाठी, म्हणजे २० व्होल्टला १०० वॅटसाठी, केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. चार्जर आधी ती शोधतो. सापडली नाही तर ३ अँपिअरच्या वर जात नाही, आणि तेच बरं, नाहीतर बारीक तारा तापतील. म्हणून १०० किंवा २४० वॅट लिहिलेलीच केबल घ्या.

मॉनिटरचं गणित वेगळं आहे. चार्जिंगच्या बहुतेक केबल यूएसबी २.० च्या असतात, म्हणजे डेटाचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिटच. चित्र नेणाऱ्या तारांच्या जोड्या त्यात नसतातच, मग वॅट कितीही असोत. व्हिडिओ चालतो असं स्पष्ट लिहिलेली केबल हवी. शिवाय लॅपटॉपच्या त्या पोर्टलाही डिस्प्लेपोर्टची, म्हणजे चित्र बाहेर पाठवण्याची, सोय लागते, ती प्रत्येक पोर्टला नसते.

प्लग खटकन बसत नसेल तर बहुतेकदा पोर्टच्या तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. उपकरण बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने काढा. सुई मात्र नको, मधल्या पट्टीवरचे संपर्क खरवडले जातात.