सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी किंवा बरबटी (चवळी) खाल्ली की पोट फुगतं, काय करावं?

हिवाळ्यात आमच्या यवतमाळकडे घरोघरी हाच त्रास. तूर, चना, बरबटीत रॅफिनोजसारख्या शर्करा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. म्हणून वाळलेली बरबटी, चना रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात मऊ शिजवा. ओले सोले भिजवून उपयोग नाही, ते थोडेच खा. आणि वावरात जायच्या घाईत भराभर गिळू नका, घासासोबत हवाही पोटात जाते.

पोट फुगलंच तर माझी आई चिमूटभर ओवा तळहातावर चोळते, वास सुटला की काळं मीठ घालून चावायला देते, वर कोमट पाणी. मला आराम पडतो. त्याहून बरं वाटतं ते जेवल्यावर पांदणीनं पंधरा मिनिटं चालून. लगेच खाटेवर आडवं होऊ नका.

बीपी असेल तर गॅससाठी रोज खायचा सोडा पिऊ नका, त्यात सोडियम असतं. वजन घटत असेल, शौचात रक्त दिसत असेल तर डॉक्टरला दाखवा. आणि छाती दाबल्यासारखी वाटून घाम फुटला, तर गॅस समजून ओवा खात बसू नका, तडक दवाखाना गाठा.