आधी देवळाचे कागद बघ

नौपाडा, ठाणे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

घणसोलीच्या तुमच्या गावदेवीसाठी आणि एकूणच देवळांसाठी काही करायचंय, असं लिहिलंस. वाचून फार बरं वाटलं. तुझी तळमळ खरी आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

देवस्थानांचे हिशेब बघण्यात माझी हयात गेली. देवळाची मालमत्ता जाते ती बहुतेक वेळा कागदावरून, आणि गावाला पत्ता लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पहिलं काम, धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकची, म्हणजे विश्वस्त आणि मालमत्ता यांच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढ. कितीतरी ट्रस्टांत त्यावरचे विश्वस्त केव्हाच वारलेले असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो कुणी देत नाही. मग सही कुणाची चालणार, यावरून भाऊबंदकी सुरू होते आणि देवीचं खातं बँकेत अडकतं. १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३६ तर पाठच कर. ट्रस्टची जागा विकायची असो, वा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची (शेतजमीन असेल तर दहा), धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. हे गावात चार जणांना ठाऊक असलं तरी एखादा परस्पर सौदा थांबतो.

दुसरं काम जागेचं. तुमच्याकडे ते जास्त नाजूक आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ला आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. देऊळ पणजोबांच्या आधीचं असेल, पण ते उभं आहे त्या तुकड्याच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? सार्वजनिक जागेवरच्या विनापरवाना प्रार्थनास्थळांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. त्यात देऊळ, मशीद, चर्च असा फरक नाही. जुन्या बांधकामांचा निर्णय एकेक प्रकरण बघून घ्यायला राज्यांना सांगितलंय. अशा वेळी नुसत्या घोषणा कामाला येत नाहीत. जत्रेच्या जुन्या पावत्या, घरपट्टी, वीजबिल, लग्नातले मागे देऊळ दिसणारे फोटो उपयोगी पडतात. म्हाताऱ्या माणसांकडून ते आत्ताच गोळा कर.

जीर्णोद्धाराची घाई करू नका. काळ्या दगडावर ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स आणि चुन्याच्या सांध्यात सिमेंट, हे बघून माझा जीव तुटतो. सिमेंटने ओल आत कोंडते आणि दगडच झडू लागतो. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. एकदा जाऊन त्याच्या भिंती नीट बघ. आणि पुजाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पोट भरेल इतका पगार द्या.

सरकारी नियंत्रणाबद्दल तू चिडून लिहिलंयस. शिर्डी, पंढरपूर, सिद्धिविनायक यांना स्वतंत्र कायदे आहेत, आणि त्यांवर वाद घालण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. घटनेच्या २६ व्या कलमावर बोट ठेवून तो कोर्टात आणि विधानसभेत लढावा. पण ते कलम प्रत्येक धर्मपंथाला आपला कारभार चालवायचा हक्क देतं. शेजारच्या दर्ग्याचा किंवा चर्चचा तोच हक्क नाकारलास, तर उद्या गावदेवीसाठी कुठल्या तोंडाने मागशील? आमच्या ठाण्यात कौपीनेश्वराच्या देवळाची १८७९ ची दुरुस्ती लोकवर्गणीतून झाली. त्याच साली टेंभी नाक्यावर ज्यूंचं सिनेगॉग उभं राहिलं. दोन्हीकडे आजही प्रार्थना चालू आहे. हे शहर मला त्यासाठीच प्यारं आहे. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडं बोलून पैसे आणि पोरं जमवणाऱ्याला तुमच्या समितीत घेऊ नकोस. तो जत्रेपुरता येतो. ऑडिटच्या दिवशी फिरकत नाही.

नक्कल मिळाली की ती आणि सातबारा घेऊन रविवारी सकाळी ये. समितीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर आण. बदल अर्जाचा मसुदा आपण इथेच बसून करू.

तुझा,
काका